थंडीत, सुकतीच्या पाण्यात: ठाण्याच्या खाडीत पहिल्यांदा कयाक घालताना

ठाण्याच्या खाडीत कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद बोट) शिकायची असेल तर डिसेंबर-जानेवारीत शिका, आणि पाणी उतरलेलं असताना शिका. बरेच जण याच्या उलट सांगतील. भरतीला जा, पाणी भरपूर असतं, बोट कुठेही टेकत नाही, असं म्हणतील. ते चूक नाही. पण भरतीला खाडी सगळीकडे सारखीच दिसते: एक सपाट, करडा पत्रा. त्याच्या पोटात कोळ्यांच्या जाळ्यांचे खुंट आहेत, कालवं चिकटलेले दगड आहेत, गाळाचे उंचवटे आहेत, जुन्या बांधकामांचे तुकडे आहेत. सुकतीला, म्हणजे ओहोटीने पाणी उतरल्यावर, हे सगळं वर येतं. एकदा ते नीट पाहून ठेवलं की पुढे भरतीलाही पाण्याखाली काय आहे ते डोळ्यांपुढे असतं.

सुकतीचं पाणी शिकवतं तसं अडकवतंही. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि मधली एकही पायरी गाळू नका.

आधी कयाक नको, आधी बघून या

ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला बोट सुटते आणि तिची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलते. एकदा त्या बोटीने जा. पक्षी पाहाच, पण नाविकाकडेही लक्ष ठेवा. तो सरळ जात नाही. मोकळं पाणी समोर दिसत असतानाही वळसा घेतो. जिथे जिथे वळसा घेतो ती जागा मनात टिपून ठेवा.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी ऐरोली पुलावरून किंवा वाशीच्या पुलावरून लोकलने जाताना खिडकीतून खाली बघा. भरतीला काठापासून काठापर्यंत पसरलेली खाडी आता मधल्या धारेत आक्रसलेली असते आणि दोन्ही बाजूंना चकाकणारा चिखल. ही मधली धार म्हणजे तुमचा रस्ता. नवख्याला ओहोटीला त्याबाहेर काही काम नाही.

इथेच कायद्याचं सांगून टाकते. खाडीचा पश्चिम काठ, ऐरोली पूल ते वाशी पूल, हे २०१५ सालापासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, सुमारे १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय स्वतःची बोट घालायची नाही. वाशी पुलाच्या दक्षिणेला पाणी रुंद होतं, मोठ्या बोटी असतात आणि ट्रॉम्बेच्या बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा आहे. त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. राहिला पूर्व काठ. तिथल्या गावांच्या जेट्ट्या ही कोळी आणि आगरी लोकांची रोजची कामाची जागा आहे. जाऊन विचारा. कुठे उतरता येईल, कोणत्या दिवशी जाळी लागलेली असतात, कुठे जाऊ नये. मी पहिल्यांदा विचारायला गेले तेव्हा एका काकांनी पाऊण तास काढून काठीने जमिनीवर पूर्ण धार काढून दाखवली होती. तो नकाशा आजही माझ्या कामाला येतो.

तिथी बघा, मग घड्याळ

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. बाकीचं बरंचसं यावर उभं आहे.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, बाराच्या आसपास. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.

हा हिशेब बेत आखण्यापुरताच. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, पाऊणपटीत पंचेचाळीसच धरली आहेत, त्यामुळे थोडा फरक पडत जातो. नेमकी वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या. मुंबईचा तक्ता अपोलो बंदराचा, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाजवळचा असतो. पाणी तिथून आत चढायला वेळ लागतो, म्हणून खाडीत जितकं वर जाल तितकी वेळ मागे पडते. किती, ते तुम्ही उतरणार त्या जागेवर स्वतः मोजायचं. ते कसं, हे शेवटी सांगते.

आता हा हिशेब थंडीच्या सकाळीला लावू. पौर्णिमेला ओहोटी सकाळी सहाच्या आसपास, म्हणजे अंधारात आणि धुक्यात उतरावं लागेल. नको. शिवाय ते उधाण. उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, तेवढं सगळं पाणी सहा तासांत खाडीबाहेर पडतं आणि धारेला जोर चढतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा हा फरक दीड-दोन मीटरवर येतो आणि पाणी सावकाश हलतं. पण अष्टमीची ओहोटी दुपारी सव्वाबाराला, आणि तोवर वारा सुटायला लागलेला असतो.

म्हणून नवख्याच्या कामाच्या तिथी पंचमी, षष्ठी आणि सप्तमी. षष्ठी घ्या. सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती, पावणेअकराला ओहोटी. सूर्य वर आलेला, धुकं विरलेलं, उधाण ओसरून भांग जवळ आलेला. नऊला पाण्यात उतरायचं, ओहोटीच्या अंगाने दक्षिणेला जायचं, ओहोटी पूर्ण व्हायच्या थोडं आधी वळायचं आणि भरतीचं पहिलं पाणी पाठीशी घेऊन परत यायचं. जाताना ओहोटी नेते, येताना भरती आणते. खाडीचं तोंड दक्षिणेला मुंबई बंदराकडे आहे, हे डोक्यात पक्कं असलं की यात गोंधळ होत नाही.

यात आणखी एक सोय आहे. ओहोटीच्या शेवटी गाळावर टेकलात तर तासाभरात येणारं पाणी तुम्हाला उचलतं. ओहोटीच्या सुरुवातीला टेकलात तर पाणी सोडून जातं आणि पुढचे आठ-दहा तास परत येत नाही. त्यामुळे भरती नुकतीच उतरायला लागली आहे अशा वेळी काठाजवळच्या उथळ पाण्यात कधी शिरू नका.

पाणी सारख्या वेगाने उतरत नाही, हेही मोजून ठेवा. एकूण उताराचे बारा भाग धरा. पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक. फरक २.४ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी २० सेंटिमीटर उतरतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून तब्बल १२०. मधल्या दोन तासांत धार सगळ्यात जोरात असते. शेवटच्या तासात ती मंदावते, म्हणून आपण शेवटच्या दीड-दोन तासांत उतरतो.

वारा

हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून, पूर्वेकडून हलका गार वारा असतो. दुपारकडे तो पडतो आणि वायव्येकडून समुद्रावरचा वारा सुरू होतो. भरतीचं पाणी उत्तरेला चढत असताना समोरून वायव्येचा वारा आला की दोघांची टक्कर होते आणि सपाट खाडीवर आखूड, उभ्या लाटा उठतात. नवख्याला त्या फार थकवतात. बाराच्या आत काठाला, हा नियम मी त्यासाठीच पाळते.

थंडी म्हणजे नक्की काय

ठाण्याची थंडी हिमालयातली नाही. पहाटे पारा पंधराच्या आसपास, कधी त्याखाली. खाडीचं पाणी त्यापेक्षा कोमट लागतं, आणि नवखा फसतो तो इथे. पाण्यात हात घालून बघतो, म्हणतो गार नाही, आणि सुती टी-शर्ट घालून बसतो. पाणी त्रास देत नाही. त्रास देतो ओल्या कपड्यावरून जाणारा वारा.

पहिल्या वर्षी मी यात पुरती सापडले. जानेवारी होता. जाड सुती टी-शर्ट, वर काही नाही. वल्ह्यावरून ओघळणारं पाणी कोपरापर्यंत, मग छातीपर्यंत भिजवत गेलं. तोवर वल्हं मारत होते म्हणून ऊब होती. मग एका तिवरांच्या पट्ट्याजवळ, सरळ वाट सोडून, गाळावर टेकले आणि थांबावं लागलं. दहा मिनिटांत दात वाजायला लागले. अर्ध्या तासाने पिशवीची चेन उघडायला गेले तर बोटांना चेन धरताच येईना. अंगठा आणि बोट एकमेकांना टेकतायत हे डोळ्यांनी दिसत होतं, जाणवत मात्र नव्हतं. लांबून एक होडी गेली. त्यातल्या म्हाताऱ्या काकांनी माझी वल्ह्याची धडपड पाहिली आणि ओरडून सांगितलं, "बस गप. पानी येल तवा येशील." मी बसले. पाणी आलं, मी आले. त्या दिवसापासून कपड्यांबाबत मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

तर अंगालगत पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा, अंगाला बसणारा टी-शर्ट. सुती काही नाही, आतसुद्धा नाही. त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. पावसाळी ट्रेकचं चालेल, मनगटाला घट्ट बसणारं हवं. पँट झटपट वाळणारी, जीन्स अजिबात नाही. डोक्याला टोपी, पुढे झापड असलेली. सकाळी दक्षिणेला जाताना हिवाळ्यातला तिरपा सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि पाण्यावरची तिरीप खुंट लपवते. कोरड्या पिशवीत एक संपूर्ण कोरडा जोड आणि लहान टॉवेल. थर्मासमध्ये गोड चहा.

पायात जुने कॅनव्हासचे बूट, नाड्या घट्ट बांधलेले. सँडल आणि चप्पल गाळ पहिल्या पावलालाच ओढून घेतो, आणि अनवाणी पाय कालवांच्या कडेवर पडला तर ब्लेडने कापल्यासारखा कापतो. हातमोजेही त्याचसाठी.

सोबत्याकडे लक्ष ठेवा. थरथर, मग बोलणं अडखळणं, मग हातातून वस्तू निसटणं, हा क्रम दिसला की फेरी तिथेच थांबवायची. ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, वाऱ्याला पाठ करायची, गोड चहा द्यायचा. "मला काही झालं नाही" असं तो म्हणेल. ऐकायचं नाही.

बोट आणि सामान

पहिल्या वर्षी वर बसायची, उघडी, प्लॅस्टिकची कयाक घ्या. आत पाय घालून बसायची नको. उघडी उलटली तर त्यात पाणी भरत नाही, सरळ करून परत चढता येतं आणि दगडावर घासली तरी तिला फारसं काही होत नाही. विकत घ्यायची घाई नको. शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची वापरा. वल्हं २२० ते २३० सेंटिमीटरचं.

लाइफ जॅकेट अंगावर, सगळे पट्टे आवळून. कोणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. जॅकेटला शिट्टी बांधलेली असू दे. फोन पाणी न शिरणाऱ्या पाकिटात आणि अंगावर, बोटीच्या खणात नको. ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे आकडे पाठ करा. एकटं जायचं नाही. दोघं हवेतच, तिघं असाल तर उत्तम. आणि काठावरच्या एका माणसाला वेळ सांगून जा: बारापर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, कुणाला कळवायचं.

खाडीच्या पाण्यात दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी आणि औद्योगिक पट्ट्याचं पाणी येतं. पायावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी जाऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू दे. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

उलटायला शिका, पण खाडीत नव्हे

पोहण्याच्या तलावात, प्रशिक्षकासमोर, दहा वेळा मुद्दाम उलटा. वल्हं न सोडता बाहेर या, बोट सरळ करा, मधोमध पोट टेकवून वर घ्या, कूस वळा, बसा, पाय आत. अकराव्या वेळी दम लागला असताना करून बघा. तसं जमलं तरच खाडी. पोहता येत असलं तरी हे चुकवू नका.

उतरायची जागा

सुकतीच्या फेरीसाठी जागा निवडताना एकच प्रश्न: पाणी पार खाली गेल्यावरही इथे पायाखाली कठीण काही आहे का? जेट्टीच्या दगडी पायऱ्या किंवा सिमेंटचा उतार ओहोटीच्या पाण्यापर्यंत पोचायला हवा. सकाळी नऊला छान दिसणारा काठ अकराला चाळीस पावलं चिखल झालेला असतो. त्यासाठी आदल्या दिवशी ओहोटीच्या वेळी (ती सुमारे पाऊण तास आधी येते) जाऊन जागा पाहून या. पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं. बोट आधी पाण्यात, मग बसून घसरत तुम्ही. उभ्याने बोटीत पाऊल टाकू नका.

उतरतं पाणी वाचणं

बसलात की लगेच वल्हं मारू नका. दोन मिनिटं बोट सोडून द्या आणि पाणी ती कुठे नेतं ते बघा.

धार वळते तिथे बाहेरच्या वळणाला पाणी खोल, आतल्या वळणाला गाळ. जवळचा रस्ता आतूनच दिसतो आणि नवखा तिथेच टेकतो. बाहेरून जा. बोट अचानक जड झाली, वल्हं मारूनही पुढे सरकेना, मागे लाट उठायला लागली, तर तळ जवळ आला आहे असं समजा. उथळ पाणी बोटीला खाली ओढून धरतं. जोर लावू नका, वल्हं उथळ आणि आडवं ठेवून खोल बाजूला वळा. वल्ह्याचं पातं पूर्ण बुडवलंत तर ते गाळात रुतेल आणि हिसक्यासरशी तुम्हीच उलटाल.

पक्षी सांगतात ते ऐका. बगळा उभा आहे तिथे तुमच्या बोटीची जागा नाही. रोहित पक्ष्यांचे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात दिसत असतील तर तिथे वल्ह्याचं पातं कसंबसं बुडेल. उलट पाणकावळा डुबकी मारून बराच वेळ वर आला नाही तर तिथे पाणी आहे.

धारेच्या अंगाने जाताना पाण्यावर बाणाच्या टोकासारख्या रेषा दिसतात. टोक तुमच्यापासून पुढे, वाहत्या दिशेला असेल तर दोन अडथळ्यांच्या मधली ती वाट आहे. टोक तुमच्याकडे असेल तर टोकाखाली खुंट किंवा दगड आहे. नदीच्या खळाळत्या पाण्यातही हीच खूण लागू पडते. पुढे कधी कोलाडला कुंडलिकेच्या पाण्यात गेलात तर ही नजर तिथे लगेच कामी येईल.

डोल जाळी (खुंटांना बांधलेली पिशवीसारखी जाळी) ओहोटीच्या धारेसमोर तोंड करून लावलेली असतात, म्हणजे तुमच्याच दिशेला. दोन खुंटांमधून कधीही जाऊ नका, वाट कितीही मोकळी दिसली तरी. तरंगते बोये दिसले तर ओळीच्या टोकाला वळसा घाला. जाळ्याला हात लावू नका. ते कुणाचं तरी पोट आहे, आणि त्यातल्या शिंगाळा माशाचा काटा हातात शिरला तर दिवस वाया जातो.

पुलाखालून

१८५४ मध्ये रेल्वे ठाण्याहून कल्याणला गेली तेव्हा या खाडीवर रेल्वेचा पूल आला. आता कळव्यापासून वाशीपर्यंत रस्त्याचे, रेल्वेचे, जलवाहिन्यांचे पूल आहेत. शांत खाडीत खळाळत्या पाण्याची चव कुठे मिळत असेल तर या खांबांच्या मध्ये. पाण्याला जागा कमी मिळते, ते वेगाने निघतं, खांबाच्या पुढच्या अंगाला फुगतं आणि मागच्या अंगाला उलटं फिरतं.

पहिल्या तीन फेऱ्यांत पुलाखालून जाऊ नका. वरच्या बाजूला, निदान पन्नास मीटर लांब, काठाला थांबून नुसतं बघा. एखादी प्लॅस्टिकची बाटली कुठून वाहत जाते ते पाहा. दोन खांबांमधल्या ज्या गाळ्यातून ती न अडकता सरळ पार होते तो गाळा तुमचा. खांबाच्या पुढच्या अंगाला दोऱ्या, जाळ्यांचे तुकडे, तिवराच्या फांद्या अडकलेल्या असतात. त्यातून पाणी जातं, माणूस जात नाही. असं काही अडकलेल्या गाळ्याकडे तोंडही करू नका.

चौथ्या फेरीपासून, भांगाच्या दिवसांत, ओहोटीच्या अगदी शेवटी जा. दोन खांबांच्या मधोमध, बोट धारेशी सरळ, वल्हं सतत चालू. धारेपेक्षा थोडं वेगात असाल तरच बोट तुमचं ऐकते. मधे थांबून वर बघायचा मोह होतो, लोकल डोक्यावरून धडधडत जाते, पण वल्हं थांबलं की बोट आडवी होते.

आणि बोट आडवी होऊन खांबाला लागलीच तर? इथे अंगाची स्वाभाविक सवय घात करते. माणूस खांबापासून लांब, येणाऱ्या पाण्याकडे कलतो. त्या बाजूची कड बुडते, पाणी तिच्यावर चढतं आणि क्षणात बोट उलटते. तुम्ही खांबाकडे झुका. छाती खांबाला, हात खांबाला, मिठी मारल्यासारखं. पाण्याकडची कड वर राहते, पाणी बोटीखालून जातं, आणि हातांनी खांब ढकलत बोट हळूहळू बाजूला सरकवता येते. आधी प्रशिक्षकाबरोबर याचा सराव जेट्टीला टेकून करा. डोक्याला कळलेलं पुरत नाही, शरीराला कळावं लागतं.

उलटलात तर बोटीच्या वरच्या टोकाला या, जिकडून पाणी येतंय त्या बाजूला, म्हणजे बोट आणि खांब यांच्यामध्ये चेपले जाणार नाही. पाठीवर, पाय पुढे आणि वर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय गाळात रुतला की धार तुम्हाला तोंडावर पाडते.

गाळ

टेकलात तर बोटीत बसून राहा. हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. खाली उतरून बोट ढकलावी असं वाटतं, चिखल वरून घट्ट दिसतो, निवट्या मासे त्यावर उड्या मारत असतात. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत जातं, दुसरं मांडीपर्यंत. बसून वजन पुढे-मागे हलवा, वल्ह्याने मागे ढकला, दोन-चार प्रयत्न करा. नाही निघाली तर कोरडं जॅकेट घाला, चहा प्या, काठावरच्या माणसाला फोन करून कळवा आणि पाण्याची वाट बघा. तिथी बरोबर निवडली असेल तर ती तासाभराची आहे.

चुकून गाळात उतरलातच तर पाय सरळ वर ओढू नका. मागे रेला, बसल्यासारखे व्हा, वजन पसरू द्या, हात बोटीवर टाका. एकेक पाय गोल फिरवत, आजूबाजूला पाणी शिरू देत, हळूहळू मोकळा करा. सोबत्याने तुमच्याकडे चालत यायचं नाही. त्याने त्याची बोट तुमच्याकडे ढकलायची.

रोहितांच्या जेवणाची वेळ

हे पक्षी साधारण नोव्हेंबरपासून इथे यायला लागतात आणि मेपर्यंत असतात. ओहोटीला उघडा पडलेला गाळ हे त्यांचं ताट आहे. भरतीला ते नेरूळच्या पाणथळींसारख्या जागी जाऊन उभे राहतात. म्हणजे आपण सुकतीला जातो तेव्हा त्यांची खायची वेळ असते. कयाकचा आवाज होत नाही, त्यामुळे ती बोटीपेक्षाही जवळ, अचानक पोचते. मधली धार सोडू नका, थव्याच्या दिशेने नाक करू नका. माना खाली, चोची पाण्यात, म्हणजे सगळं ठीक. माना एकदम वर झाल्या आणि थवा एका बाजूला चालायला लागला, की तुम्ही फार जवळ आला आहात. वल्हं थांबवा, धारेला तुम्हाला लांब नेऊ द्या. उडालेल्या थव्याचा फोटो छान येतो, पण त्या प्रत्येक उड्डाणाची किंमत त्यांच्या खाण्याच्या वेळेतून जाते. मला तो फोटो नको आहे.

परत फिरणं

वळायची वेळ आधी ठरवा आणि घड्याळ म्हणेल तेव्हा वळा, कितीही बरं वाटत असलं तरी. षष्ठीच्या उदाहरणात सव्वादहा. वळल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं उरलेल्या ओहोटीविरुद्ध जावं लागेल. मधली जोराची धार सोडून कडेच्या संथ पाण्यातून चला, तळ लागणार नाही इतपत कडेने. यातून तुमची ताकदही कळते. ते पाणी कापताना दमछाक झाली, तर पुढच्या वेळी अर्ध्याच अंतरावरून वळा. तक्त्यातली ओहोटीची वेळ आली तरी धार लगेच उलटत नाही, थोडा वेळ ती तशीच खाली ओढत राहते. मग एक क्षण असा येतो की फेसाचा ठिपका जागच्या जागी उभा राहतो. त्यानंतर तो उत्तरेला सरकायला लागतो.

काठाला आल्यावर बूट, वल्हं, बोट गोड्या पाण्याने धुवा. हातपाय साबणाने धुवा, बारीकसारीक कापलेलं शोधा, गालावरचे शिंतोडेही पुसा. कोरडे कपडे घालूनच चहाच्या टपरीवर जा.

आणि जेट्टीच्या पायऱ्या मोजा. सगळ्यात खालची कोणती पायरी उघडी पडली आणि किती वाजता पाणी पुन्हा तिच्यावर आलं ते वहीत लिहा: तारीख, तिथी, तक्त्यातली ओहोटीची वेळ, तुम्ही पाहिलेली वेळ, पायरीचा आकडा, वारा कुठून. माझ्या वहीतला पहिला शेरा असा आहे: मार्गशीर्ष वद्य षष्ठी, तक्त्यापेक्षा पस्तीस मिनिटं उशीर, नववी पायरी, वारा पूर्वेचा, नंतर पडला.